सायटेशनबाई, पान ४९६ वाचलंत का?

श्रीमती सायटेशनबाई यांस,
मुक्काम पोस्ट : कुठल्याही शोधनिबंधाचं शेवटचं पान.



पत्रास कारण की, गेल्या आठवड्यात आमच्या कॉलेजातून फोन आला होता. नॅकची समिती येणार, विभागाची जुनी-नवी सगळी माहिती भरायची, म्हणून एका तरुण प्राध्यापकाने विचारलं, "मॅडम, तुमचा एच किती?" गॅसवर दूध ठेवलेलं होतं, तेव्हा मी म्हटलं, नंतर सांगते. मुलगा गुणी आहे, माझ्याच हाताखाली शिकलाय. पण तुम्ही कुठल्या रेणूवर काम केलंत, त्यात काय सापडलं, हे काही त्याने विचारलं नाही. त्याचा दोष नाही. फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता.

आपली ओळख जुनी. माझ्या पीएचडीच्या आधीपासून तुमचं माझ्याकडे येणं-जाणं आहे, आणि तरी एकदा बसून सविस्तर लिहावं, हे राहूनच गेलं होतं. आज लिहिते आहे. थोडं कानाला खटकेल, तर वडीलकीचं म्हणून सोडून द्यावं.

आधी तुमचे उपकार. तुमचं माहेर मुळात वकिलांचं, हे आमच्या मुलांना माहीत नसतं. अमेरिकेत १८७३ मध्ये फ्रँक शेपर्ड यांनी न्यायालयीन निकालांची एक सूची सुरू केली. अमुक निकालाचा हवाला पुढे कुणी दिला, तो निकाल अजून उभा आहे की वरच्या कोर्टाने उलटवला, हे वकिलाला एका जागी कळावं, एवढाच तिचा हेतू. यूजीन गारफील्ड यांनी ती कल्पना विज्ञानात आणली. १९५५ च्या त्यांच्या लेखात तुमचं काम स्वच्छ सांगितलंय : एखाद्या निबंधावर पुढे कुणी टीका केली, कुणी दुरुस्ती केली, हे वाचणाऱ्याला कळावं, म्हणजे चुकलेली किंवा शिळी माहिती डोळे मिटून पुढे ढकलली जाणार नाही. पुढे साठच्या दशकात तुमचे जाडजूड खंड निघायला लागले. ग्रंथालयात ते खाली ठेवून, भिंगाखाली मुंगीएवढी अक्षरं वाचत मी दुपारच्या दुपारी काढल्या आहेत. एका जुन्या निबंधाचं नाव शोधायचं, आणि त्याच्या खाली त्याचा माग काढत आलेल्या सगळ्यांची नावं. कुठल्या देशात, कुठल्या प्रयोगशाळेत आपल्याच रेणूपाशी कोण बसलंय, ते तुम्ही सांगितलंत. त्या काळी आम्हाला दुसरं कोण सांगणार होतं? हे उपकार मी विसरलेली नाही.

आता आमच्या कामाचं थोडं सांगते, कारण तुमच्या आकड्यात ते कुठेच दिसत नाही. द्विअणू रेणूचा वर्णपट फोटोच्या काचेवर घ्यायचा, ती काच अंधाऱ्या खोलीत धुवायची, आणि वाळली की कम्पॅरेटरवर, म्हणजे रेषांची जागा मोजणाऱ्या यंत्रावर, चढवायची. डोळा भिंगाला, हात स्क्रूवर. क्रॉसवायर रेषेच्या बरोबर मध्यावर आली की वाचन वहीत. यातली शिस्त अशी की स्क्रू नेहमी एकाच दिशेने फिरवायचा. क्रॉसवायर रेषेच्या पुढे गेली, तर तेवढंच मागे येऊन भागत नाही. चांगलं लांब मागे जायचं आणि पुन्हा त्याच दिशेने रेषेवर यायचं, नाहीतर स्क्रूच्या आट्यातला ढिलेपणा मापात शिरतो. शेजारी लोखंडाच्या आर्कच्या रेषा घेतलेल्या असतात. त्यांच्या तरंगलांब्या तक्त्यात दिलेल्या, त्यांच्या आधाराने आपल्या रेषांची जागा ठरवायची. पट्ट्याच्या एका टोकाला रेषा इतक्या दाटतात की एकीपासून दुसरी सुटी करता करता मान अवघडते. मग कुठली रेषा रेणूच्या फिरण्याच्या कुठल्या पायरीवरून आली, याचा हिशोब. तो बसला की हाती एक स्थिरांक येतो आणि त्यावरून त्या दोन अणूंमधलं अंतर. जे कधी कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ते सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या हिश्शात सांगता येतं. बाई, हे सुख वेगळं असतं. कुणी आपलं नाव घेतलं की नाही, हे तेव्हा मनातही येत नाही.

या सगळ्या काळात आमच्या टेबलावर एक पुस्तक कायम उघडं असायचं. आम्ही त्याला नुसतं "हर्झबर्ग" म्हणायचो. "हर्झबर्गमध्ये बघ," म्हटलं की वाद मिटला. गेरहार्ड हर्झबर्ग यांच्या ग्रंथमालेचा हा पहिला खंड, द्विअणू रेणूंचा. तुमच्या दरबारात या ग्रंथमालेला केवढा मान आहे, ते तुम्हीच जाणता. हजारो निबंधांच्या शेवटी ती आहे, आणि अजून भर पडतेच आहे. म्हणून आजच्या तक्रारीसाठी हर्झबर्ग यांनाच साक्षीला बोलावते.

त्यांचा जन्म १९०४ चा, हॅम्बुर्गचा. खगोलशास्त्रज्ञ व्हायचं होतं, पण घरची सांपत्तिक स्थिती चांगली नसेल तर त्या वाटेला जाऊ नये, असा सल्ला मिळाला. डार्मश्टाटला शिकले, तिथेच शिकवू लागले. पत्नी लुईझ ज्यू घरातली, स्वतः वर्णपटशास्त्राची डॉक्टरेट केलेली. नाझी राजवटीत तिच्यामुळे यांचंही शिकवणं बंद झालं. १९३५ मध्ये दोघं कॅनडातल्या सस्काटूनला पोहोचली. दहा वर्षं त्या गव्हाळ माळावरच्या विद्यापीठात, मग अमेरिकेतल्या यर्क्स वेधशाळेत तीन वर्षं, आणि १९४८ पासून ऑटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये. त्यांच्यामुळे ऑटावा ही आमच्या शास्त्राची पंढरी झाली. १९७१ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. गृहस्थ पदार्थविज्ञानाचे, त्यामुळे रसायनाचं नोबेल ऐकून चकित झालेले बरेच असतील. ते मिळालं रेणूंची, विशेषतः फ्री रॅडिकलांची, इलेक्ट्रॉन-रचना आणि आकार त्यांनी उलगडले म्हणून. लुईझ त्याच वर्षी, नोबेलच्या काही महिने आधी वारल्या.

आता एक गोष्ट ऐका. धूमकेतूंच्या वर्णपटात ४०५० अँगस्ट्रॉमच्या आसपास रेषांचा एक पुंजका दिसायचा. १९४२ मध्ये हर्झबर्गनी तो सस्काटूनच्या प्रयोगशाळेत पाडून दाखवला आणि तो सीएच-टू या रेणूचा असावा, असं मांडलं. १९५१ मध्ये त्यांच्याच ऑटावातल्या अलेक्स डग्लस यांनी तो कार्बनच्या तीन अणूंच्या रेणूचा आहे, असं दाखवलं. खऱ्या सीएच-टूचा वर्णपट हर्झबर्गना १९५९ मध्ये मिळाला, तब्बल सतरा वर्षांनी. आता सांगा बाई, १९४२ च्या त्या निबंधाचं नाव घेणाऱ्यांत त्याचा आधार घेणारे किती आणि त्याला खोडून काढणारे किती? तुमच्या बेरजेत दोघंही एक-एकच. शेपर्डच्या सूचीत निकाल उलटला तर तशी खूण असायची. ते वळण तुम्ही माहेरीच ठेवून आलात.

ही झाली लहान तक्रार. मोठी तक्रार पान ४९६ ची आहे.

भुजंगधारी तारकासमूहातल्या एका ताऱ्याचा प्रकाश आपल्याकडे येताना वाटेत विरळ वायूतून जातो, आणि त्या वायूतल्या सायनोजेन, म्हणजे सीएन रेणूच्या रेषा त्यात उमटतात. रेणू पार थंड असेल तर तो फिरण्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसून असायला हवा. पण वरच्या पायरीवरचेही थोडे रेणू दिसत होते. १९४१ मध्ये अँड्र्यू मॅककेलर यांनी व्हिक्टोरियाच्या वेधशाळेत बसून दोन्ही पायऱ्यांच्या रेषांच्या गडदपणाचं गुणोत्तर काढलं आणि तापमान मांडलं : निरपेक्ष शून्याच्या वर २.३ अंश. हर्झबर्गनी त्याच पहिल्या खंडाच्या १९५० च्या आवृत्तीत, पान ४९६ वर, याची नोंद घेतली आणि लगेच जोडलं की या तापमानाला अर्थातच फार मर्यादित अर्थ आहे. त्यात चूक काढता येत नाही. एका रेणूच्या दोन रेषांवरून सावध माणूस याहून जास्त बोलणार नाही.

१९६५ मध्ये न्यू जर्सीत पेन्झिअस आणि विल्सन यांच्या अँटेनात चहूकडून येणारं एक मंद प्रारण सापडलं, साधारण साडेतीन अंशांचं. विश्वाच्या जन्मानंतर उरलेली ती ऊब. त्यानंतर लोकांना सीएन आठवला. अंतराळातल्या त्या रेणूंना वरच्या पायरीवर ढकलणारं तेच प्रारण होतं. आज त्याचं तापमान २.७२५ अंश धरतात. पेन्झिअस-विल्सन यांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं. मॅककेलर १९६० मध्येच गेले होते.

पंधरा वर्षं, बाई! पंधरा वर्षं ते पुस्तक जगभरच्या टेबलांवर उघडं होतं. निबंधांच्या शेवटी त्याचं नाव जात होतं, तुम्ही इमानाने टिपत होता. आणि विश्वाच्या तापमानाचा आकडा त्यात छापलेला होता. हर्झबर्ग यांचा सन्मान कमी करायला मी हे सांगत नाही. तुमचा मोठ्यात मोठा आकडासुद्धा कुठलं पान वाचलं गेलं, हे सांगू शकत नाही, एवढंच दाखवते आहे.

आणि जिथे नाव खरोखर मुरतं, तिथे तर तुम्ही हजरच नसता. रामन आणि कृष्णन यांचा निबंध १९२८ चा. आज औषधांच्या कारखान्यांपासून रत्नपारख्यांपर्यंत सगळीकडे रामन वर्णपट घेतात, पण शेवटच्या यादीत तो निबंध सहसा नसतो. ज्ञान इतकं अंगवळणी पडतं की मूळ निबंध गळून पडतो, हे रॉबर्ट मर्टन यांनी केव्हाच सांगून ठेवलंय. कार्बन मोनॉक्साइडच्या पट्ट्यांची एक मालिका "असुंडी पट्टे" म्हणून ओळखली जाते. हे आर. के. असुंडी पुढे बनारसला शिकवत होते, मग ट्रॉम्बेत अणुऊर्जेच्या वर्णपट विभागाचे प्रमुख झाले. आम्ही ते नाव उच्चारायचो तेव्हा त्यामागे एक हाडामांसाचा माणूस आहे, हे मनातही नसायचं. ऑक्सिजनचे "हर्झबर्ग पट्टे" तर रात्रीच्या आकाशात आपोआप उजळत असतात, कुणाकडेही यादी न मागता. तुमच्या हिशोबाने या माणसांचा भाव घसरला. आमच्या हिशोबाने ती अमर झाली.

माझंही एक गाऱ्हाणं आहे, थोडक्यात सांगते. मी मोजलेल्या एका रेणूचे स्थिरांक एका मोठ्या संकलनात गेले. आनंदच झाला. तेव्हापासून ते आकडे वापरणारे संकलनाचं नाव घेतात, आणि हिशोब तिकडे जमा होतो. हे एकट्या माझं नाही. १९७९ मध्ये हूबर आणि हर्झबर्ग यांनी द्विअणू रेणूंच्या स्थिरांकांचा जो खंड काढला, त्यातली एकेक ओळ म्हणजे कुणाच्या तरी अवघडलेल्या मानेची कमाई आहे. हवेतल्या वायूंच्या रेषांचं हिट्रान नावाचं संकलन १९७३ पासून निघतंय. उपग्रहावरून कार्बन डायऑक्साइड किंवा मिथेन मोजणाऱ्यांचं त्याच्यावाचून पान हलत नाही. त्याच्या आवृत्त्यांचं नाव हजारोंनी घेतलं जातं. ते सांभाळणारी माणसं सज्जन आहेत. मूळ मोजणी ज्यांची, त्यांचाही उल्लेख करा, असं ती वापरणाऱ्यांना सांगत असतात. ऐकतं कोण? आणि लुईझबाईंचं पाहा. १९५३ च्या कार्बन डायऑक्साइडवरच्या निबंधावर "जी. हर्झबर्ग, एल. हर्झबर्ग" अशी जोडीने नावं आहेत. नुसतं आडनाव वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्यातलं कोण येतं, हे मी सांगायला नको. बाई म्हणून तरी तुम्ही इथे लक्ष घालायला हवं होतं.

तुम्ही म्हणाल, मी कुठे कुणाला आकडे मोजायला सांगितलं? खरंय. २००५ मध्ये होर्हे हिर्श या पदार्थविज्ञानाच्याच माणसाने तो एच काढला. ज्याच्या दहा निबंधांचा प्रत्येकी निदान दहा वेळा उल्लेख झालाय, त्याचा एच दहा. सोपं, सुटसुटीत. कायम नोकरीला बारा, प्रोफेसरकीला अठरा, असे अंदाजही त्यांनी देऊन ठेवले. सोपं असल्यामुळेच ते पसरलं. २०२० मध्ये त्यांनीच लिहिलं की या आकड्याचे भलतेच वाईट परिणामही होऊ शकतात. तोवर तो जगभरच्या फॉर्मांत जाऊन बसला होता. आमच्याकडे २०१० मध्ये यूजीसीचे एपीआयचे गुण आले, आणि स्टाफरूममध्ये बढतीच्या, म्हणजे कॅसच्या, फायलींखेरीज विषयच उरला नाही. कुठल्या जर्नलला किती गुण, हे सगळ्यांना पाठ. निबंधात काय आहे, हे लिहिणाऱ्यालाही विचारू नये.

आमच्या लग्नांत आहेर लिहून घ्यायला एक काका वही घेऊन बसतात. कुणी किती घातले ते पाहून त्यांच्या घरच्या कार्यात तेवढेच परत करायचे, ना कमी ना जास्त. तुमचा संसार हल्ली त्या वहीवर चालतो. तुम्ही माझे पाच घाला, मी तुमचे पाच घालते. कधी कधी तर वहीवरचे काकाच पाकीट मागतात. परीक्षक म्हणून निबंध हाती आला की "माझ्या पुढील निबंधांचा उल्लेख आवश्यक वाटतो" असं कळवतात. मला असा अभिप्राय आला होता. सुचवलेल्या यादीतल्या एकाही निबंधाचा माझ्या रेणूशी दूरचाही संबंध नव्हता.

म्हणून चार विनंत्या करते. नव्या कुठल्याच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोत २०१२ मध्ये जमलेल्या संशोधक-संपादकांनीही जर्नलच्या आकड्यावरून माणूस जोखू नका, असा जाहीरनामा काढला आणि जगभरच्या संस्थांनी त्यावर सह्या केल्या. माझ्या विनंत्या त्याहून घरगुती आहेत.

पहिली : येताना पान सांगत चला. अख्ख्या ग्रंथाचं नाव घेऊन मोकळं होऊ नका. कुठल्या पानावरची कुठली गोष्ट घेतली, हे लिहिणाऱ्याला सांगावं लागलं, तर त्याला ते पान निदान उघडावं तरी लागेल. दुसरी : पटलं म्हणून नाव घेतलं की खोडायला घेतलं, याची खूण ठेवा. शेपर्डना १८७३ मध्ये जमलं, तर यंत्रं हाताशी असताना तुम्हाला का जमू नये? तिसरी : संकलनाचं नाव घ्याल तिथे मोजणाऱ्याचंही घ्या, पूर्ण नावानिशी, आद्याक्षरात गुंडाळून नको. आणि चौथी : निवड समितीच्या खोलीत लगेच शिरू नका. आतल्या पाच जणांपैकी निदान एकाने उमेदवाराचा एक निबंध वाचलाय, असं समजलं की मग खुशाल या. तोवर बाहेर बसा. चहा तिथेही मिळतो.

कॉलेजातल्या त्या मुलाला मी संध्याकाळी फोन केला. एच सांगितला, फॉर्म अडायला नको. मग म्हटलं, रविवारी घरी ये, मी काय मोजलं ते दाखवते, वही आहे अजून. येतो म्हणाला. येताना गुगल स्कॉलरवरचा तुमचा आकडाही छापून आणू का, असं विचारत होता. आण म्हटलं, मागची बाजू कच्च्या हिशोबाला होईल.

कळावे, लोभ आहेच, तो मोजू नये.

आपली जुनी परिचित,
एक निवृत्त वर्णपटवाली

ता. क. : हर्झबर्गचा तो खंड आमच्या ग्रंथालयाच्या रद्दीच्या यादीत निघाला आहे. बऱ्याच वर्षांत कुणी घरी नेला नाही, हे कारण दिलंय. मी तो मागून घेते आहे. तुमच्या वहीत याची नोंद होणार नाही, तरी कळवून ठेवलेलं बरं.